व्हिएन्ना : ज्येष्ठांच्या चालीने पाहावे असे शहर

युरोपच्या सहलीची जाहिरात बहुधा संख्येने मोहात पाडते. दहा दिवसांत सहा देश, एका दिवसात सात ठिकाणे, पहाटे न्याहारी आणि रात्री उशिरा मुक्काम. घरातील तरुण मंडळी ही धावपळ हौसेने निभावून नेतात. परंतु सोबत सत्तरी ओलांडलेले आई-वडील असतील, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक वाक्य हमखास ऐकू येते : "तुम्ही जाऊन या, मी इथेच बसते." हे वाक्य अगदी शांतपणे उच्चारले जाते, त्यामुळे त्यामागचे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. गुडघ्यातील कळ, स्वच्छतागृह कोठे सापडेल याची धास्ती आणि आपल्यामुळे मुलांचा खोळंबा होतो ही टोचणी, असे सारे त्यात दडलेले असते. आयुष्यभराची पुंजी खर्चून परदेशी जायचे आणि तेथे अनोळखी बाकावर पिशव्या सांभाळत बसायचे, हे अनेक ज्येष्ठांच्या वाट्याला येते. ते परतल्यावर तक्रार करीत नाहीत. पुढच्या सहलीला मात्र येत नाहीत.

ही वेळ टाळता येते. त्यासाठी देशांची संख्या कमी करून एखाद्याच शहरात पाच-सहा दिवस राहावे आणि तेथील स्थळे निराळ्या कसोटीवर निवडावीत. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना हे अशा सहलीसाठी फार सोयीचे शहर आहे. शहराचा मध्यभाग बराचसा सपाट आहे, भूमिगत रेल्वेच्या स्थानकांवर लिफ्ट किंवा उतार आहेत, बहुतेक ट्रामगाड्यांची पायरी पदपथाच्या जवळपास समपातळीत येते आणि बागांतून बाके मुबलक आहेत. वैद्यकशास्त्राच्या इतिहासातही या शहराचे स्थान मोठे असल्याने आरोग्याविषयी आस्था असलेल्या कुटुंबाला येथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

स्थळ निवडताना पाच प्रश्न

कोणतेही स्थळ यादीत घालण्यापूर्वी पुढील पाच प्रश्न विचारावेत. तेथे बसण्याची सोय कोठे आहे? पायऱ्या किती आणि त्यांना पर्याय काय? स्वच्छतागृह किती अंतरावर आहे? मध्येच परतावे लागले तर वाहन जवळ मिळेल का? आणि पाचवा प्रश्न, जो सहसा कोणी विचारीत नाही : त्या स्थळी आपल्या आजी-आजोबांना नातवंडांना सांगण्यासारखे काही आहे का?

पहिल्या चार प्रश्नांनी शरीराची सोय होते. पाचव्याने ज्येष्ठ व्यक्ती सहलीत खऱ्या अर्थाने सामील होते. मागे रेंगाळणारी व्यक्ती गोष्ट सांगू लागली की सारे कुटुंब तिच्याभोवती थांबते आणि मग तिच्या चालीची अडचण कोणालाच वाटत नाही. पुढील स्थळे या दृष्टीने निवडली आहेत.

रिंगरस्ता : बसून पाहण्याचे शहर

पहिल्या दिवशी चालू नये. शरीराला वेळेतील फरकाशी जुळवून घ्यावयाचे असते. व्हिएन्नाचे घड्याळ आपल्या मागे उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास असते. त्या दिवशी दुपारी ट्राममध्ये खिडकीजवळ बसावे आणि रिंगस्ट्रासे या वर्तुळाकार राजरस्त्याची फेरी करावी. १ आणि २ या क्रमांकांच्या ट्राम मिळून या सुमारे ५ किलोमीटरच्या रस्त्याचा बहुतेक भाग दाखवितात. मार्गांत अधूनमधून बदल होतात, म्हणून निघण्यापूर्वी नकाशा पाहून घ्यावा.

जुन्या व्हिएन्नाभोवती तटबंदी होती. १८५७ मध्ये सम्राट फ्रान्झ जोसेफ याने ती पाडण्याचा आदेश दिला आणि तटाच्या जागी हा रस्ता उभा राहिला. १८६५ मध्ये तो खुला झाला. संगीतनाट्यगृह, संसद, नगरभवन, विद्यापीठ अशा भव्य इमारती नंतरच्या काही वर्षांत त्याच्या कडेला आल्या. मुंबईकर आजोबांना येथे आपले शहर आठवल्यावाचून राहणार नाही. त्याच १८६० च्या दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत मुंबईच्या कोटाची तटबंदीही पाडली गेली आणि मोकळ्या झालेल्या जागेजवळ उच्च न्यायालय, विद्यापीठ यांच्या इमारती उभ्या राहिल्या. तट गेले तरी 'फोर्ट' हे नाव मात्र आजही टिकून आहे. नातवंडांना ही हकीकत ट्राममध्येच सांगता येते.

वाटेत श्टाटपार्क या उद्यानापाशी उतरावे. १८६२ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या या बागेत संगीतकार योहान श्ट्राउस याचा व्हायोलिन वाजविणारा सोनेरी पुतळा आहे. तळ्याकाठच्या बाकावर अर्धा तास बसावे, बदके पाहावीत आणि दिवस संपवावा. दुपारच्या उजेडात बाहेर राहिल्याने रात्री झोपेची घडी लवकर बसते, हा यातील आरोग्याचा लाभ.

शॉनब्रुन : महाल आणि देवीची लस

हाब्सबुर्ग राजघराण्याचा हा उन्हाळी महाल १४४१ खोल्यांचा आहे. घाबरून जाण्याचे कारण नाही. प्रेक्षकांना त्यातील काही दालनेच दाखवितात, लहान फेरीचा पर्याय असतो आणि लिफ्टची सोय आहे. तिकिटावर प्रवेशाची वेळ छापलेली असते. सकाळी पहिल्या तासाची वेळ घ्यावी, म्हणजे गर्दीत उभे राहावे लागत नाही. बाग पाहण्यास शुल्क नाही. मागील टेकडीवर १७७५ मध्ये बांधलेली ग्लोरिएट ही कमान आहे. तेथवरची चढण गुडघ्यांना मानवणारी नाही. हंगामात बागेत फिरणारी लहान गाडी मिळाल्यास तिने जावे, अन्यथा खालून दिसणारे दृश्यही सुंदरच आहे. नातवंडांसाठी याच आवारात १७५२ मध्ये स्थापन झालेले प्राणिसंग्रहालय आहे. आज चालू असलेल्या प्राणिसंग्रहालयांत ते जगात सर्वांत जुने मानले जाते.

मार्गदर्शक येथे सहा वर्षांच्या मोझार्टची कथा सांगतात. १७६२ मध्ये या बालकाने महाराणी मारिया थेरेसा हिच्यापुढे येथे वादन केले. आपल्या वाचकांनी मात्र आणखी एक कथा लक्षात ठेवावी. देवीच्या साथीने या राजघराण्यातील अनेक जीव घेतले होते. १७६७ मध्ये खुद्द महाराणी या रोगातून कशीबशी वाचली. पुढल्या वर्षी तिने यान इंगेनहाउझ या डच वैद्याला बोलावून राजपरिवारातील मुलांना देवी टोचवून घेतली. जेन्नरची लस अद्याप यावयाची होती; रोग्याच्या फोडातील द्रव निरोगी माणसाला टोचण्याची जुनी आणि धोक्याची रीत तेव्हा होती. प्रजेच्या मनातील भीती जावी म्हणून टोचून घेतलेल्या मुलांना महाराणीने याच महालात मेजवानी दिली, अशी नोंद आहे.

ही कथा ऐकल्यावर आजीने आपल्या दंडावरील देवीचा व्रण नातवंडांना दाखवावा. भारतात देवीचा अखेरचा स्थानिक रुग्ण १९७५ मध्ये सापडला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली. नातवंडांच्या दंडावर हा व्रण नाही, कारण आजीच्या पिढीने तो घेतला. त्या महालातील कोणत्याही आरशापेक्षा हा व्रण इतिहासाचे अधिक जवळचे दर्शन घडवितो.

ब्रॉयगेलचे दालन : सागरगोटे आणि आंधळी कोशिंबीर

संग्रहालयात चालण्यापेक्षा उभे राहणेच अधिक थकविते. चार पावले टाकायची, थांबायचे, मान वर करायची, पुन्हा चार पावले, यामुळे कंबर आणि पोटऱ्या भरून येतात. म्हणून कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम या १८९१ मध्ये खुल्या झालेल्या कलासंग्रहालयात सर्व दालने पाहण्याचा हट्ट धरू नये. मुख्य दाराशी पायऱ्या आहेत. बुर्गरिंगच्या बाजूस पायऱ्यांविना प्रवेशाची सोय आहे. तेथून लिफ्टने थेट वर जावे आणि सोळाव्या शतकातील चित्रकार पीटर ब्रॉयगेल याच्या चित्रांसमोर निवांत बसावे. त्याच्या चित्रांचा जगातील सर्वांत मोठा संग्रह येथे आहे.

त्यातील १५६० चे 'मुलांचे खेळ' हे चित्र कुटुंबाने एकत्र पाहावे असे आहे. एका गावाच्या चौकात दोनशेहून अधिक मुले खेळताना दिसतात आणि त्यांत सुमारे ऐंशी खेळ ओळखता येतात. डाव्या कोपऱ्यात दोन मुली हाडांच्या खड्यांनी खेळत आहेत. आपल्याकडील सागरगोट्यांशी या खेळाचे नाते चटकन ध्यानात येते. कोठे भोवरा फिरतो आहे, कोठे डोळ्यांवर कपडा ओढून आंधळी कोशिंबीर चालली आहे, कोणी वाकलेल्या सवंगड्याच्या पाठीवरून उडी मारतो आहे, कोणी काठीने चाक पळविते आहे, तर कोणी चक्क शीर्षासन करीत आहे. आजीला यांतील किती खेळ ठाऊक आहेत आणि नातवाला किती, याची मोजणी करून पाहावी. बहुतेक घरांत आजी जिंकेल. स्मरणशक्ती थोडी क्षीण झालेल्या ज्येष्ठांनाही लहानपणीचे खेळ स्पष्ट आठवतात. त्यामुळे अशा चित्रासमोर त्यांचा चेहरा खुलतो आणि संभाषणात त्यांना इतरांच्या बरोबरीचे स्थान मिळते.

शेजारीच १५६५ चे 'बर्फातील शिकारी' आहे. दोन चित्रे मनसोक्त पाहावीत, घुमटाखालील उपाहारगृहात बसावे आणि बाहेर पडावे. दीड तास पुरेसा आहे.

सेंट स्टीफनचे कथीड्रल : ३४३ पायऱ्या कोणासाठी?

शहराच्या मध्यभागी असलेल्या या कथीड्रलचा दक्षिण मनोरा सुमारे १३६ मीटर उंच आहे आणि तेथील वरच्या खोलीपर्यंत ३४३ पायऱ्या आहेत. त्या तरुणांनी चढाव्यात. ज्येष्ठांसाठी उत्तरेकडील मनोऱ्यात लिफ्ट आहे. तेथे 'पुमरिन' ही सुमारे २० टन वजनाची घंटा आहे आणि रंगीत कौलांचे छप्परही जवळून दिसते. मूळ घंटा १७११ मध्ये, तुर्कांच्या वेढ्यानंतर मागे राहिलेल्या तोफांच्या धातूतून ओतलेली होती. १९४५ च्या आगीत ती कोसळून फुटली. तिचाच धातू वापरून १९५१ मध्ये आजची घंटा ओतली गेली. नववर्षाच्या स्वागताला ती वाजते.

कुटुंबाने येथे थोडा वेळ दोन गटांत विभागावे. पायऱ्या चढणारा एक, लिफ्टने जाणारा दुसरा. नंतर आतील बाकांवर भेटावे. कोणी 'मागे राहिले' असे होत नाही, कारण दोन्ही गटांनी काहीतरी पाहिलेले असते. परिसरातील फरसबंदी पावसात निसरडी होते, म्हणून खडबडीत तळव्यांची बूटजोडी आणि काठी जवळ असावी. परदेशातील एक पडणे घरातील पडण्यापेक्षा कितीतरी महाग पडते.

जुने रुग्णालय : हात धुण्याचे तीर्थ

पर्यटकांच्या यादीत क्वचितच असणारे, परंतु आपल्या वाचकांनी चुकवू नये असे हे ठिकाण आहे. १७८४ मध्ये सम्राट जोसेफ दुसरा याने सुरू केलेल्या सार्वजनिक रुग्णालयाच्या आवारात आता विद्यापीठाचे विभाग आहेत. मोठमोठी झाडे असलेले, वाहनांपासून अलिप्त असे हे चौक आहेत. बसावे, विद्यार्थ्यांची ये-जा पाहावी आणि इग्नाझ सेमेलवाइस याचे स्मरण करावे.

हा तरुण डॉक्टर येथील प्रसूतिविभागात काम करीत होता. डॉक्टर व विद्यार्थी ज्या कक्षात बाळंतपणे करीत, तेथे सूतिकाज्वराने मरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सुईणींच्या कक्षापेक्षा पुष्कळच अधिक होते. डॉक्टर शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येतात, हे त्याच्या ध्यानात आले. १८४७ च्या मे महिन्यात त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरातील सुमारे १८ माता दगावल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण सुमारे २ वर आले. तरीही वरिष्ठांनी त्याचे म्हणणे स्वीकारले नाही. त्याला व्हिएन्ना सोडावे लागले आणि १८६५ मध्ये, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी, शहराजवळच्या एका मनोरुग्णालयात त्याचा अंत झाला. करोनाच्या काळात घराच्या उंबऱ्यावर साबण घेऊन उभ्या राहिलेल्या प्रत्येक आजीला ही कथा आपलीशी वाटेल.

व्हिएन्नाचे वैद्यकातील ऋण एवढेच नाही. १८८१ मध्ये थिओडोर बिलरोथ याने जठराचा कर्करोगग्रस्त भाग काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया येथे केली आणि १९०१ मध्ये कार्ल लांडश्टायनर याने मानवी रक्तगटांचा शोध येथेच प्रसिद्ध केला. याच कीर्तीमुळे भारतातूनही रुग्ण येत. गिरगाव चौपाटीवर ज्यांचा पुतळा आहे ते विठ्ठलभाई पटेल १९३३ मध्ये उपचारांसाठी व्हिएन्नात होते. सुभाषचंद्र बोसही तेव्हा प्रकृतीसाठी येथेच होते. पुढे स्वित्झर्लंडमध्ये विठ्ठलभाईंचा आजार बळावला, तेव्हा स्वतः आजारी असलेल्या सुभाषबाबूंनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. काळजीवाहकांनी ही गोष्ट अवश्य मनाशी ठेवावी.

नळाचे पाणी

व्हिएन्नात पाण्याची बाटली विकत घेण्याची गरज पडत नाही. दूषित पाण्यामुळे हे शहर एकेकाळी विषमज्वर आणि पटकीने ग्रासले होते. भूशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूस याच्या पुढाकाराने आल्प्स पर्वतातील झऱ्यांचे पाणी शहरात आणण्याची योजना झाली आणि १८७३ मध्ये पहिली जलवाहिनी सुरू झाली. दुसरी १९१० मध्ये आली. हे पाणी पंपाविना, केवळ उतारावरून वाहत येते. विषमज्वराचे प्रमाण त्यानंतर झपाट्याने घटले. श्वार्झनबर्गप्लाट्झ या चौकातील उंच कारंजे पहिल्या वाहिनीच्या उद्घाटनाचे स्मारक आहे.

ज्येष्ठांना तहान कमी लागते आणि वारंवार लघवीला जावे लागेल या भीतीने अनेक जण सहलीत पाणीच पीत नाहीत. त्यातून चक्कर, बद्धकोष्ठ आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग उद्भवतो. शहरात ठिकठिकाणी पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. बाटली भरत राहावी आणि ठरावीक वेळाने दोन घोट घ्यावेत. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर अर्थातच डॉक्टरांचा सल्ला प्रमाण मानावा.

प्राटर आणि कॉफीगृह : दोन विसावे

जत्रेतील पाळण्यात बसलेले आजोबा प्राटरमधील महाचक्र पाहून हसतील. १८९७ मध्ये उभारलेले हे चक्र सुमारे ६५ मीटर उंच आहे. लाकडी खोल्यांसारखे त्याचे बंद डबे अगदी सावकाश फिरतात, त्यामुळे पोटात गोळा येत नाही. युद्धात ते जळाले. दुरुस्तीनंतर १९४७ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि तेव्हापासून तीसऐवजी पंधराच डबे आहेत. शेजारून चेस्टनटच्या झाडांची चार किलोमीटरहून लांब, सरळ आणि सपाट वाट जाते. तिच्यावर मोटारी नसतात. व्हीलचेअर ढकलण्यास याहून चांगला रस्ता सापडणे कठीण.

दुसरा विसावा कॉफीगृहाचा. व्हिएन्नाच्या कॉफीगृह-संस्कृतीची नोंद २०११ मध्ये ऑस्ट्रियाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय सूचीत झाली. एक पेला कॉफी मागवून तासन्‌तास वर्तमानपत्र वाचत बसले तरी कोणी उठवीत नाही आणि कॉफीसोबत पाण्याचा पेला न मागता येतो. पुण्या-मुंबईच्या इराणी हॉटेलांत ज्यांचे तारुण्य गेले, त्यांना येथे वेगळे शिकवावे लागत नाही. मधुमेहींनी चॉकलेटचा प्रसिद्ध साखर केक चौघांत एक घ्यावा. शाकाहारींनी एक खबरदारी घ्यावी : सूपमध्ये केवळ भाज्या किंवा धिरड्याच्या पट्ट्या दिसल्या तरी ते बहुधा मांसाच्या अर्कात केलेले असते, आणि व्हिएन्नाच्या पद्धतीच्या बटाट्याच्या सॅलडमध्येही तो अर्क घालतात. विचारूनच घ्यावे.

निघण्यापूर्वीची तयारी

ऋतू : मे, जूनचा पूर्वार्ध आणि सप्टेंबर हे उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये उष्णतेच्या लाटा येतात आणि जुन्या इमारतींतील अनेक खोल्यांत वातानुकूलन नसते.

विमान : तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मागणी नोंदवावी, युरोपातील विमानतळांवर ही मदत विनामूल्य असते, मात्र किमान ४८ तास आधी कळवावे लागते. चार तासांहून लांबच्या प्रवासात पायांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. दर तासाला घोटे फिरवावेत, शक्य तेव्हा उठून चालावे. पूर्वी असा त्रास झाला असल्यास किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असल्यास आधी डॉक्टरांना भेटावे.

औषधे : संपूर्ण सहलीची आणि वर आठवडाभराची औषधे मूळ वेष्टनासह हातातील पिशवीत असावीत. इन्सुलिन सामानाच्या कक्षात देऊ नये. तेथील थंडीने ते निकामी होऊ शकते. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, म्हणून इन्सुलिन व इतर औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव असावे.

विमा : शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. आधीपासूनच्या आजारांना तो लागू आहे का, हे बारकाईने वाचावे. रुग्णवाहिकेसाठी १४४ आणि युरोपभर चालणारा ११२ हे क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये असावेत.

विस्मरणाचा त्रास असल्यास : खिशात हॉटेलचे नाव, पत्ता आणि कुटुंबीयांचा क्रमांक लिहिलेला कागद असावा. नव्या खोलीत रात्री गोंधळ होतो. स्वच्छतागृहाच्या वाटेवर मंद दिवा तेवत ठेवावा. हॉटेल मध्येच बदलू नये.

काळजीवाहकांसाठी दोन गोष्टी

"आई, दमलीस का?" या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते : "छे, मी कुठे दमले!" म्हणून तो प्रश्नच विचारू नये. "मला जरा बसावेसे वाटते, आपण कॉफी घेऊ" असे म्हणावे. विसावा आपल्या नावावर घेतला की ज्येष्ठांना ओशाळे वाटत नाही. दिवसाचा आराखडा ठरविताना एक स्थळ सकाळी, दुपारी खोलीवर विश्रांती आणि सायंकाळी एक बाग, एवढेच धरावे.

दुसरी गोष्ट स्वतःची. घरी बारा महिने औषधे देणारी सून वा मुलगी सहलीतही तेच करीत राहिली, तर तिची सहल होतच नाही. पाच दिवसांतील एक दुपार तिची असावी. त्या दुपारी मुलगा, जावई किंवा मोठे नातवंड यांनी आजी-आजोबांसोबत श्टाटपार्कात बसावे आणि तिने एकटीने हवे ते पाहावे. हे सहलीच्या आखणीतच लिहून ठेवावे. ऐन वेळी ते जमत नाही.

अशा रीतीने पाच दिवसांत फार तर सहा-सात स्थळे होतील. यादीतील पुष्कळ नावे राहून जातील. परंतु जी पाहिली जातील ती सर्वांनी मिळून पाहिलेली असतील, आणि घरी परतल्यावर "तिथे काय पाहिलंत?" या प्रश्नाला आजीही स्वतःचे उत्तर देऊ शकेल.